पनवेलचा बिरड्याचा रोजा

पनवेलला जाणारी हार्बरची गाडी मशीद स्टेशनावरून जाते. तिथून हाकेच्या अंतरावर समाजी हसाजी दिवेकर या कंपनी सरकारच्या पलटणीतल्या अधिकाऱ्याने १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो म्हणून फेडलेला तो नवस होता, असं सांगतात. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपल्या प्रार्थनामंदिराला पूर्वी मशीदच म्हणत. आजूबाजूला खऱ्या मशिदीही आहेत, त्यामुळे स्टेशनाच्या नावावर दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. आजवर त्यावरून भांडण झालेलं ऐकलं नाही.

वाशीची खाडी ओलांडली तसा पाऊस आडवा झाला. पनवेलला उतरल्यावर मॉल आणि टॉवरांकडे पाठ करून जुन्या गावात शिरावं. एकेकाळी हे बंदर होतं. खाडीतून तांदूळ मुंबईला जायचा, घाटावरून बैलांचे तांडे उतरायचे आणि इथली गाड्यांची चाकं लांबलांब नावाजलेली होती. नगरपालिका स्थापन झाली १८५२ साली, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी. इथलं बेथ एल सिनेगॉग तिच्याहूनही तीन वर्षांनी मोठं, १८४९चं.

ही बेने इस्रायल माणसं इथे आली कुठून? त्यांची कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बुडालेल्यांना तिथेच पुरलं. केव्हा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. गावांची नावं आडनावं झाली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, पनवेलकर. धर्मग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. शनिवारचा शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना, एवढंच उरलं. एवढ्यावर शतकं काढली.

सणही मराठीच झाले. खिरीचा सण, दारं लावून उपास करायचा दरफळणीचा सण, आणि ऐन पावसाळ्यातला बिरड्याचा रोजा. या शेवटच्या नावात सगळी जुन्या कुलाबा जिल्ह्याची माती आहे. बिरडं म्हणजे भिजवून, मोड आणून, सोललेले कडवे वाल आणि नारळाचं दूध. बेने इस्रायलांच्या स्वयंपाकात नारळाचं दूध असतंच, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही. बिरड्याच्या दिवसांत मात्र मांसही वर्ज्य. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं, त्याचं हे सुतक. दुसऱ्यांदा इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं, पण तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ दोष रोमनांना देत नाही. आपसातल्या अकारण द्वेषामुळे मंदिर गेलं, असं तो म्हणतो. शत्रूचं नाव घेऊन छाती बडवणं सोपं असतं. या लोकांनी स्वतःच्याच भाऊबंदकीसाठी उपास लावून घेतला.

२६ जुलै २००५ला पनवेलमध्ये पाणी भरलं, ते सिनेगॉगमध्येही शिरलं आणि तोराच्या, म्हणजे मूळ धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या भिजल्या. निकामी झालेली तोरा टाकून देत नाहीत, माणसासारखी पुरतात. ते दिवसही याच सुतकाच्या तीन आठवड्यांतले होते.

भाऊबंदकी इथेही होतीच. बेने इस्रायलांत गोरे आणि काळे असे दोन तट होते. काळे म्हणजे समाजाबाहेरच्या बायकांची संतती, असं गोऱ्यांचं म्हणणं. रोटीबेटी व्यवहार नाही, भांड्यांनाही विटाळ. जातीची ही रीत त्यांनी कोकणातून उचलली हे उघड आहे. ‘भारतात ज्यूंना कधीच त्रास झाला नाही’ हे वाक्य आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण आपण त्यांना काय दिलं याच्या यादीत ही ओळही लिहायला हवी.

आणि जे पेरलं ते त्यांच्याही वाट्याला आलं. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी १८३६ साली मुंबईच्या दफनभूमीत बेने इस्रायलांपासून वेगळी भिंत मागितली. पुढे इस्रायलला गेलेल्यांच्या लग्नाच्या वेळी धर्मपीठ त्यांच्या आजी-पणजीची चौकशी करू लागलं. जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे तिथल्या संसदेला १९६४ साली सांगावं लागलं.

सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. हा हिशेब मला फार आवडतो. नऊ पंडित बसून राहतात, दहावा अडाणी तेली आला की पोथी उघडते. पण त्यातच खोच आहे : दहांत कोणाला धरायचं? बगदादी मंडळी बेने इस्रायलांना धरत नसत आणि गोरे काळ्यांना कमी लेखत. नियम जोडणारा, मोजणारे तोडणारे.

सिनेगॉगबाहेर छत्री सावरत एका वयस्कर काकांशी बोलणं झालं. गोऱ्या-काळ्यांचा विषय मी जरा चाचरतच काढला.

“आजोबांच्या वेळी होतं तसलं,” ते म्हणाले. “आता आधी दहा जमू देत हो. आलेल्याचा पणजा कोण विचारतोय?”

एकेकाळी वीस हजारांच्या वर असलेला हा समाज आता देशभरात चारपाच हजारांचा उरलाय. बाकीचे बहुतेक इस्रायलला गेले. भिंत उपदेशाने पडली की माणसं कमी झाल्यामुळे, हे मी काकांना विचारलं नाही. माझं उत्तर यातलं दुसरं आहे, आणि ते काही फार गौरवाचं नाही.

एक गोष्ट मात्र गर्दीच्या काळातही जोडत आली : मलिदा. एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडायचा, तर ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं. पदार्थाचं नाव दर्ग्यातलं, सामान सत्यनारायणाच्या घरातलं, आशीर्वाद हिब्रूत. अलिबागजवळच्या खंडाळ्याला या संदेष्ट्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा आहे. काकांनी तिथे कसं जायचं ते समजावलं. “पेणवरून जा, पोयनाड लागेल. आणि पावसात खडकावर चप्पल घालू नका, घसराल,” म्हणाले.