आत्याचा आवाज

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आम्ही सांगवीहून नागपूरला निघालो होतो. दौंडपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे. पोरीचा जुना लॅपटॉप बरोबर होता. त्यात आत्याचे बोलणे भरून ठेवले होते. आत्या १९५६ साली दीक्षेला नागपुरात होती. भाकरी बांधून कशी गेली, बावीस प्रतिज्ञा कशा म्हटल्या, सारे तिने सांगितले होते. आत्या गेली, राहिला तो एवढा आवाज.

एस.टी.त पोरगी गाणी ऐकत बसली. रस्ता खड्ड्यांचा. दौंडला आतून टकटक येऊ लागली. मी पाच-सहा वेळा बंद-चालू करून पाहिले. नागपुरातला कारागीर म्हणाला, "दादा, तिथंच चुकलं. हार्ड डिस्कमध्ये चकती गरगर फिरते. वाचणारा भाग तिच्यावर केसाहून कमी अंतरावर तरंगतो. हादऱ्याने तो घासला, की प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे नवा ओरखडा."

१९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा दुसऱ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे ग्रंथ जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. बरोबरी कसली करायची! पण दीक्षाभूमीवर उभा असताना तेच आठवत होते. ग्रंथ त्यांनी पुन्हा जमवले. आत्या मी कुठून आणू?

चुलतभावाला पूर्वी एक तुकडा मोबाईलवर पाठवला होता. नऊ मिनिटांचा. तो आता तीन घरांत ठेवला आहे. त्यात आत्या भाकरीचेच सांगते. प्रतिज्ञांपर्यंत पोचत नाही.