झारची डबी, वादकाची बिदागी

चौथीच्या वर्गात कलावंतांच्या मानसन्मानावर बोलत होते. मोबाईलवर एका जुन्या रशियन डबीचा फोटो दाखवला. तळहातावर मावेल एवढी, सोन्याची, वरून निळा मिना. झाकणावर मुकुट आणि झार दुसरा निकोलस याच्या नावाची हिऱ्यांची अक्षरं. पोरं सरकत सरकत पुढं आली.

“बाई, यात काय ठेवायचे?”

मूळची ही तपकिरीची डबी! ऐकून सगळे हसले, कारण तपकीर म्हटलं की त्यांना आजीच आठवते. पण निकोलसच्या काळात ती नुसती मान म्हणून द्यायची वस्तू झाली होती. सेंट पीटर्सबर्गला फाबर्जेकडे अशा डब्या बनत. आधी सोन्यावर यंत्राने लाटांसारख्या बारीक रेघा कोरायच्या. त्यावर काचेच्या पुडीचा थर देऊन भट्टीत भाजायचं. पुन्हा थर, पुन्हा भट्टी. मिना पारदर्शक असल्यामुळे खालच्या रेघा आतून चमकतात आणि डबी हलवली की पाणी हलल्यासारखं वाटतं.

झारचं चित्र असलेली डबी मानाने वरची, नुसत्या अक्षरांची त्याखालची. गायक-वादकांनाही दरबारातून अंगठी, घड्याळ, डबी असं काहीबाही मिळे. १८२५ साली वॉर्सात पंधरा वर्षांच्या शोपँने झार पहिला अलेक्झांडर याच्यापुढे ऑर्गनच्या जातीचं एक वाद्य वाजवलं, तेव्हा त्याला हिऱ्याची अंगठी मिळाली होती.

मागच्या बाकावरचा एकजण उठला. त्याचे वडील लग्नात सनई वाजवतात.

“बाई, डबी दिली. पण पैसे? आमच्या पप्पांना जत्रेत शाल-नारळ दिला, सुपारीचे पैसे नाहीच दिले.”

वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

म्हणलं, ऐक. झारच्या अशा भेटी सांभाळायला दरबारात एक खातंच होतं. ज्याला डबी नको असेल त्याने ती तिथं परत द्यायची आणि किमतीचे पैसे घ्यायचे. डबी पुन्हा कपाटात जायची, पुढं दुसऱ्या कुणाला मिळायची. सगळं वहीत लिहिलेलं असायचं. एकच डबी दोघातिघांचा सन्मान करून यायची म्हणा ना!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मान काय विकायचा असतो? आता तसं वाटत नाही. घरात चूल पेटवायची असते, आणि आपल्याकडे शाल परत घेणारं खातं कुठाय?

“मग त्या राजाला राग नाही यायचा?” त्याने विचारलं. म्हणलं, नाही रे, रीतच होती ती.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी डबी काढली. त्याच्या झाकणावर मुकुट नव्हता, सनई होती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, २१०० रुपये.

“ही काय किंमत रे?”

“किंमत नाही बाई. जत्रेचे राहिलेत ते.”