नेकारकांठची परीक्षा

टुबिंगन हें जर्मनींतील नेकार नदीच्या कांठचें लहानसें विद्यापीठनगर. रुडॉल्फ रोट यांनीं येथेंच अध्यापन केलें. त्यांच्या व ब्योटलिंक यांच्या संस्कृत-जर्मन कोशाचा सातवा खंड १८७५ सालीं निघाला. त्या कोशाचें नांव विद्यार्थिदशेपासून ऐकत आलों होतों. म्हणून कन्येनें बोलावितांच मी मोठ्या उत्सुकतेनें निघालों. परंतु मुक्कामांत माझ्या हातून अध्ययन घडलें तें मोटार हांकण्याच्या नियमांचें!

कन्या जवळच्या खेड्यांतील रुग्णालयांत परिचारिका आहे. पहाटेच्या पाळीस जाण्यास बस नाहीं. पुण्यास मिळविलेल्या परवान्यावर ती मोटारीनें जाई. पण येथें वास्तव्य सुरू झाल्यापासून तो सहाच महिने चालतो. जपान वा दक्षिण कोरियाचा परवाना असल्यास परीक्षेवांचून बदलून मिळतो. भारत त्या यादींत नाहीं. शिकवणीचे सक्तीचे तास तेवढे माफ. दृष्टितपासणी आणि दोन्ही परीक्षा मात्र चुकत नाहींत.

पहिल्या परीक्षेंत प्रश्न तीस. येथें गुण मोजीत नाहींत, दोष मोजतात; दहापर्यंत क्षम्य. मात्र पांच-पांच दोषांचे दोन प्रश्न चुकले, तर बाकीचे अठ्ठावीस बरोबर असूनही अनुत्तीर्ण. हा हिशेब मला मोठा न्याय्य वाटला. रोज रात्रीं मी प्रश्न वाचीं व ती उत्तरें देई. ती उत्तीर्ण झाली.

प्रत्यक्ष परीक्षेंत मात्र घात झाला. जेथें पाटी किंवा दिवा नाहीं, अशा चौकांत उजवीकडून येणाऱ्यास आधीं वाट द्यावयाची, मग आपला रस्ता कितीही रुंद असो. उजव्या बोळांतून गाडी आली, हिनें वेग आंवरला नाहीं आणि शेजारच्या शिक्षकानें ब्रेक दाबला. परीक्षा तेथेंच संपली.

घरीं येऊन ती म्हणाली, "अण्णा, बोळाला मान द्यायला विसरले."

पुढची परीक्षा दोन आठवड्यांनीं होती आणि मध्येंच सहा महिने भरले. मग कधीं सहकारिणीच्या गाडींतून, नाहीं तर सायकलीनें, तीं पहाटे काळोखांत निघे. सायकलीचा तांबडा दिवा वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीशीं उभा राहीं. दिवसा फिरावयास गेलों कीं प्रत्येक चौकांत थांबून उजवीकडे पाहण्याची मलाच संवय जडली! येथें गांवांत धोक्यावांचून कर्णा वाजवूं नये असाही नियम आहे. आपल्याकडील मालमोटारींच्या पाठीवर तर कर्णा वाजविण्याची विनंतीच रंगविलेली असते.

दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. जुना परवाना जमा केल्यावांचून नवा हातीं पडत नाहीं. त्यावरचें छायाचित्र तिच्या विसाव्या वर्षींचें, दोन वेण्या घातलेलें. ती तें क्षणभर पाहत राहिली आणि मग तिनें तो मेजावर ठेवला.

दुसऱ्या पहाटे मी शेजारीं बसून रुग्णालयापर्यंत गेलों. त्याच बोळापाशीं तिनें गाडी अगदीं थांबविली. बोळांत कोणीही नव्हतें.