परांची लागलीच आहे तर

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार
उरणच्या लोकलचं आज उद्घाटन. नेरूळहून खारकोपरपर्यंत गाडी ११ नोव्हेंबर २०१८लाच सुरू झाली. पुढचा तुकडा व्हायला पाच वर्षं. मेट्रोचं तर भूमिपूजन १ मे २०११चं, बेलापूर–पेंधर गाडी धावली गेल्या १७ नोव्हेंबरला. अंतर अकरा किलोमीटर.
आणि मी परवा सोसायटीच्या सभेत सांगणार, इमारतीची दुरुस्ती चार महिन्यांत.

१४ जानेवारी
सभा. दोन विंग, ३२ घरं. गच्ची, कॉलम, बाहेरचं प्लास्टर, रंग मिळून ३८ लाख. सोसायटीकडे २२. उरलेले घरटी ५० हजार. मुदत ३१ मे. सगळ्यांनी हात वर केले.

१ फेब्रुवारी
सुरुवात. १२१ दिवस. त्यातला एक लीप वर्षाचा, फुकटचा.

२० फेब्रुवारी
कंत्राटदाराने हातोडीने कॉलम ठोकून दाखवले. पोकळ वाजतात. आत सळ्यांचे पापुद्रे सुटलेले. खाडीची हवा. अंदाजपत्रकात ९ धरले होते, निघाले १७. साडेतीन लाख जास्तीचे.

३ मार्च
'परांची लागलीच आहे तर आमचा छज्जाही करून घ्या ना.'

५ मार्च
परांची लागलीच आहे तर ग्रिल. परांची लागलीच आहे तर एसीचा पाइप. वहीत वेगळं पान केलं.

१८ मार्च
ऑफिसात नव्या पोरांना फळ्यावर त्रिकोण काढून दिला. काम, वेळ, पैसा. एक बाजू ओढली की बाकीच्या दोन हलतात. एकीने विचारलं, 'सर, आणि दर्जा?' म्हटलं, तो मधे असतो. तक्रार करत नाही, गुपचूप कमी होतो.
घरी आलो तर जिन्यात काका. 'सेक्रेटरी, पार्किंगच्या फरशापण होऊन जाऊ देत.'
हो म्हणालो. का म्हणालो?

२५ मार्च
धुळवड. कामगार गावी.

९ एप्रिल
पाडवा. कुणीतरी परांचीच्या बांबूलाच गुढी बांधलीय.

२८ एप्रिल
पान भरलं. १४ कामं, सगळी 'छोटीशी'. घरटी आणखी मागावेत का? ही म्हणाली, 'मागा की. पण आधी ते पान सगळ्यांना वाचून दाखवा.'

१३ मे
चारनंतर धुळीचं वादळ. हिरवी जाळी फाटून समोरच्या झाडावर. मागचे बांबू वाकले. खाली कुणी नव्हतं. टीव्हीवर घाटकोपर, पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग.
झोप नाही.

१४ मे
कमिटी. कंत्राटदार म्हणतो, दर वाढवा, माणसं दुप्पट लावतो. प्लास्टरला दिवसच्या दिवस पाणी मारावं लागतं. दुप्पट माणसांनी ते दुप्पट वेगाने पक्कं होत नाही.
पान वाचून दाखवलं. चौदाच्या चौदा रद्द. रंग दिवाळीनंतर. रंगाचे पाच लाख सुटले, त्यातून कॉलमचे साडेतीन जातील. काका उठून गेले.

२० मे
मतदान. माणसं निम्मी.

३१ मे
ए विंगच्या गच्चीत पाणी भरून ठेवलंय, गळती बघायला. बी विंगचा कोबा अजून ओला. मुदत संपली.

७ जून
परांची उतरली. प्लास्टरची करडी भिंत, त्यावर ठिगळं. उघडी वाटते इमारत.

९ जून, रविवार
पाऊस. मुंबईत मान्सून आल्याचं वेधशाळेने जाहीर केलं. टॉर्च घेऊन बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, काकूंकडे. त्यांनी सवयीने बेडरूममध्ये बादली ठेवलेली. कोरडी.
चहा दिला. रंगाचं विचारलं.