पावतीवर नसलेले सूर

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांवर बुरशी चढते आणि देवळातल्या पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासायला लागतात. मावळात पेटी म्हणजे हार्मोनियम. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ, कुठल्याही खोऱ्यात जा. हरिनाम सप्ताहाच्या मांडवात पखवाजाशेजारी ती असतेच.

नाणे मावळातल्या अशाच एका गावात तो वाढला. लहानपणी त्याला मंडळाच्या पेटीचा भाता मारायला बसवत. पट्ट्यांपर्यंत बोटं पोचायला काही वर्षं जावी लागली. दसरा झाला की एक कारागीर गावात यायचा. देवळाच्या ओसरीवर पेटी उघडायचा, एकेक सूर बाहेर काढून पुसायचा, भात्याला चिकटपट्टी लावायचा, मग पुन्हा पुन्हा वाजवून सूर मिळवायचा. पैशांबरोबर पायलीभर आंबेमोहोर घेऊन पुढच्या गावाला निघायचा. पेटी विकणारा कुणी का असेना, ती बोलती ठेवणारा माणूस ठरलेला होता.

पुढे तो लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला लागला. तिथे गिऱ्हाईक आलं की आधी तुकडा हातावर ठेवायचा, मग भाव सांगायचा. पुडा मऊ निघाला तर बदलून द्यायचा. यात त्याला कधी वेगळं काही वाटलं नाही. धंदा असाच करतात, अशी त्याची समजूत होती, आणि ती बरोबरच होती.

मंडळाची जुनी पेटी थकली तेव्हा वर्गणी जमवून नवी आणायचं काम त्याच्याकडेच आलं. लोकलने तो पुण्याला गेला. पेठेतल्या एका दुकानात पेट्यांची रांग लागलेली, पॉलिश चकचकीत. “शेठ, जरा वाजवून बघू का?” त्याने विचारलं. “माउली, नवी पेटी आहे, वाजणारच,” असं म्हणून मालकाने झाकण लावून टाकलं. आत जुने जर्मन सूर आहेत, आयुष्यभर बघायला नको, हेही सांगितलं. घासाघीस झाली, पैसे मोजले गेले. पावतीवर लिहिलं होतं: हार्मोनियम, 1 नग.

हा ‘सूर’ म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. हवा सुटली की थरथरते आणि नाद उमटतो. ही युक्ती मूळची पूर्वेची. चीनमधलं शेंग नावाचं वाद्य, बांबूच्या नळ्यांचा उभा झुबका, फार जुन्या काळापासून याच तत्त्वावर वाजतं. 1777 च्या सुमारास आमियो या फ्रेंच पाद्र्याने पेकिंगहून शेंग पॅरिसला पाठवली. युरोपात मोकळ्या जिभेच्या वाद्यांचे प्रयोग याच काळात जोर धरू लागले. 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पेटी पायाने चालायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हातभात्याचं रूप दिलं, म्हणून ती जमिनीवर बसून गाणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला महाराष्ट्रात मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली. आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, तरी भजनी मंडळांनी तिला सोडलं नाही.

चिनी कारागीर शेंगच्या जिभेवर मेणाचा कण लावून सूर जुळवतो. आपला कारागीर पितळ खरवडतो: टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. काम केसाएवढ्या फरकाचं. शेंग घ्या नाहीतर पेटी, हे वाद्य पुन्हा पुन्हा हाताखालून काढावं लागतं. म्हणून विकणाऱ्याचं काम पैसे मोजून घेतल्यावर संपत नाही, आणि जो ते संपलं असं धरतो तो वाद्याचा दुकानदारच नव्हे.

नवी पेटी श्रावणात बिघडली. एक पट्टी दाबली की वर येईना, तिचा सूर तसाच चालू राही. भात्यातून हवा गळू लागली. अभंग ऐन रंगात आला की गाणाऱ्याचा आवाज एकीकडे, पेटी दुसरीकडे. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “घेऊन या.” गर्दीच्या लोकलमधून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तो ती घेऊन गेला. “ठेवून जा.” मग आठवडे गेले. फोन उचलला जाईना, उचलला तर कारागीर गावी गेलेला. शेवटी पेटी जशीच्या तशी परत मिळाली. “तुमच्याकडे पाऊसच एवढा, त्याला आम्ही काय करणार?” पाऊस काही त्या वर्षी नव्याने पडत नव्हता. मावळात राहतो हे त्याने विकत घेतानाच सांगितलं होतं.

एका ओळखीच्या कारागिराने पेटी उघडली. “बुवा, हे एका बनावटीचे सूर नाहीत. मिसळ केलीय,” तो म्हणाला. जर्मन सुरांची गोष्ट तोंडीच झालेली. पावतीवर तिचा मागमूस नव्हता. तक्रार करायची तर दाखवायचं काय?

बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत पुण्यातच सुरू केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खरेदी कुठेही झालेली असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. 1915 हा मदत क्रमांक आहे. पण हे सगळं कागदावर उभं राहतं, आणि भजनी मंडळाचा माणूस शब्दावर विश्वास ठेवून वर्गणीचे पैसे देऊन येतो. त्या विश्वासाची फसवणूक चार पैशांच्या नुकसानीपेक्षा जास्त लागते.

तेव्हा मंडळांनी पेटी घेताना ती वाजवणारा माणूस सोबत न्यावा, झाकण उघडून सूर बघावेत, आणि सुरांची बनावट व दुरुस्तीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. दुकानदारांना विनंती एवढीच: पहिल्या पावसाळ्यानंतर पेटी एकदा उघडून, सूर मिळवून द्या, आणि ते विकतानाच लिहून द्या.