नळीवरचा पाय

मोगऱ्याला, अबोलीला पाणी घालणं हे अण्णांचं संध्याकाळचं काम. हिरवी रबरी नळी, बोटानं तोंड दाबून काढलेला फवारा आणि मधूनच मला ‘चिखलात येऊ नकोस’ असा दम. सात-आठ वर्षांचा असताना एकदा मी त्या नळीवर हळूच पाय दिला. पाणी थांबलं. अण्णांनी नळी हलवली, झटकली, शेवटी तोंडाशी डोळा नेला. मी पाय उचलला. पुढे चष्मा अबोलीच्या वाफ्यात सापडला आणि मी पोटमाळ्यावर.

ही युक्ती माझीच, असा माझा बरीच वर्षं समज होता. मग पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला तीच नळी पडद्यावर दिसली. लुई ल्युमिएरची, जेमतेम पन्नास सेकंदांची फिल्म. सगळं आमच्या अंगणातल्यासारखं. फक्त चष्म्याऐवजी टोपी उडते. माळी झालेला फ्रांस्वा क्लेर हा ल्युमिएर कुटुंबाचा खराखुरा माळी, त्यामुळे नळी धरण्यात नाटक नाही. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रां कॅफेच्या तळघरात तिकीट लावून ज्या दहा फिल्म्स दाखवल्या, त्यांत ही होती. कारखान्यातून सुटणारे कामगार, बाळाला भरवणारे आईबाप यांच्या पंगतीत हा आधी ठरवून केलेला वात्रटपणा!

त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. माळी पोराला गाठतो चौकटीच्या पार कडेला. तिथेच बदडायला काय हरकत होती? पण कॅमेरा एका जागी रोवलेला. म्हणून तो पोराला ओढत पुन्हा आपल्यासमोर आणतो आणि मग फटके देतो. संतापलेला माणूस इतकी काळजी घेतो होय? लोक फवाऱ्याला हसतात, मी या ओढत आणण्याला. माझी शिक्षा पोटमाळ्यावर झाली, बघायला कुणी नव्हतं. अण्णा मारता मारता हसले होते, हे मग कुणाला पटवताच आलं नाही.

गेल्या वर्षी मोबाइलवर ती फिल्म अण्णांना दाखवली. आता शहाऐंशीचे आहेत. दोनदा पाहिली आणि म्हणाले, “एवढ्या जोरात पाणी सोडलं तर रोपं आडवी व्हायची.” बस.

परवा गच्चीत कुंड्यांना पाणी घालताना नळी कुठेतरी मुडपली. पाणी थांबलं. अण्णांनी तोंडाशी डोळा नेला नाही. सावकाश मागे वळले आणि आधी माझ्या पायांकडे पाहिलं.