मुदपाकखान्याची वाट

इंदूरच्या मे महिन्यात जे काय करायचं ते सकाळी दहा-अकराच्या आत उरकून घ्यायचं, नाहीतर थेट संध्याकाळी माळव्याचा गार वारा सुटल्यावर बाहेर पडायचं, असा तिथला शिरस्ता आहे. मधल्या वेळात शहाणी माणसं घरात असतात. आम्ही चौघांनी लालबाग पॅलेस पाहायला नेमका तोच मधला वेळ घेतला, कारण आमच्या इंदुरी मैत्रिणीकडे तेवढेच पाच-सहा तास मोकळे होते. रामबागेतलं तिचं वडिलोपार्जित घर विकलं गेलं होतं. त्या आठवड्यात सामान बांधायचं होतं आणि मग काका-काकू तिच्याकडे बंगळुरूला जाणार होते. आम्ही मदतीला म्हणून जमलो होतो. दिल्लीच्या वसतिगृहापासूनची ही मैत्री. एकजण कोलकात्याचा, एकजण कोट्टयमची, मी पुण्याची आणि घर विकणारी ही. आपसातली भाषा हिंदी, भांडणाची भाषा ज्याची त्याची.

लालबागेचं फाटक ओतीव लोखंडाचं. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये घडवून ते जहाजाने आणलं, असं सांगतात. त्यावर होळकरांचं राजचिन्ह आहे. या राजचिन्हात गव्हाची लोंबी आणि अफूचं बोंड आहे, माळव्याची दोन पिकं. पुण्याजवळच्या होळ गावातून निघालेल्या घराण्याने इथल्या मातीशी नातं जोडलं ते असं, पिकाच्या खुणेने. कोलकात्याचा मित्र हसला. कंपनीची बिहारकडची अफू त्याच्या शहरात लिलावाने विकली जायची. माळव्याची अफू संस्थानी मुलखातली, त्यामुळे ती आधी चोरवाटांनी आणि पुढे कंपनीचा कर भरून मुंबईमार्गे चीनला जायची. “म्हणजे आपली दोन्ही घराणी एकाच धंद्यातली,” तो म्हणाला. या महालाचं बांधकाम 1886 मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात सुरू झालं आणि 1921 मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात पुरं झालं. मधेच, 1913 मध्ये, हिंदुस्थानातून चीनला जाणारी अफू बंद झाली होती. अफूचा व्यापार संपला तरी महाल वाढतच राहिला.

आत शिरल्यावर ऊन मागे राहतं. संगमरवरी खांब, झुंबरं, रंगीत काचा, छतावर युरोपीय देवदेवता. नाचाच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, म्हणजे नाचणाऱ्याच्या पायांना उभारी मिळावी. कोट्टयमच्या मैत्रिणीने तिथे दोन पावलं जरा जोरात टाकून पाहिली, तेव्हा रखवालदाराने नुसती मान हलवली.

या दालनांत मला एक नाव ऐकायला मिळेल असं वाटत होतं, ते कुणी घेतलं नाही. मुमताज बेगम. इंदूरच्या दरबारातली ही नर्तकी तिथून निघून मुंबईला गेली. जानेवारी 1925 मध्ये मलबार हिलवर तिच्या गाडीवर हल्ला झाला. तिच्यासोबतचे व्यापारी अब्दुल कादर बावला गोळीने ठार झाले. तिच्या चेहऱ्यावर वार झाले, पण योगायोगाने तिथून चाललेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांमुळे ती वाचली. धागे इंदूरपर्यंत पोचले. चौकशी आयोगाला सामोरं जा किंवा गादी सोडा, असं सरकारने सुचवलं आणि 1926 मध्ये तिसऱ्या तुकोजीरावांनी मुलासाठी गादी सोडली. महाल पुरा होऊन पाचच वर्षं झाली होती. राज्य गेलं, तरी घर राहिलं. 1978 मध्ये ते वारले. या महालाचे ते शेवटचे रहिवासी.

पण मैत्रीण आली होती ती वेगळ्याच कामाने. भोजनगृहापाशी आल्यावर तिने थेट विचारलं, “नीचे का रास्ता किधर है?”

लालबाग खान नदीच्या काठावर आहे. आता तिला कान्ह म्हणतात. राजवाडा एका तीरावर, आणि त्याचा मुदपाकखाना दुसऱ्या तीरावर. दोन्हींना जोडणारं भुयार जमिनीखालून जातं. धूर, फोडणीचा ठसका, भांड्यांचा आवाज, घामेजलेली माणसं, सगळं पलीकडे. इकडे यायचं ते फक्त ताट.

मैत्रिणीचे पणजोबा त्या मुदपाकखान्यात कारकून होते. शिधा मोजून द्यायचा, तूप-साखर-केशराचा हिशेब ठेवायचा. तिच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीत सोन्याची ताटं वगैरे काही नव्हतं. गोष्ट एवढीच होती की, झाकलेली भांडी घेऊन माणसं भुयारात शिरायची आणि पणजोबा तोंडाशी उभे राहून मोजायचे. किती गेली, किती परत आली. भुयाराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते त्यांनी नोकरीभर पाहिलं नाही. नाचाच्या दालनाची जमीन हलते, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

“शाळेच्या सहलीला तीनदा आले इथे,” ती म्हणाली. “दर वेळी झुंबरंच दाखवली.”

आम्ही गेलो त्या दिवशी खाली उतरू दिलं नाही. तिने हुज्जत घातली नाही. आम्ही बाहेर नदीकडच्या बाजूला गेलो. उन्हाळ्यातली कान्ह म्हणजे शहराने टाकून दिलेलं पाणी. नाकाला रुमाल लावावा लागतो. हेच पाणी पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळतं. मैत्रीण कठड्याशी बराच वेळ उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा ती अस्सल इंदुरी मराठीत म्हणाली, “थांब ना, मी पाहून राहिलेय.”

मलाही मग तिथून महाल उलटा दिसायला लागला. ज्या घराचं वैभव पाहायला आपण तिकीट काढून येतो, त्यातली सगळ्यात हुशारीची रचना कदाचित ती स्प्रिंगांची जमीन नसेल. ज्यांच्यावाचून एक दिवस चाललं नसतं, त्यांना नजरेआड ठेवण्याची सोय, ही खरी हुशारी. आणि ती अजून चोख काम करते. पुण्यातल्या वाड्यांत आम्ही दिवाणखाना पाहतो, माजघर पाहतो, मागचं दार कुठे उघडतं ते विचारत नाही. कोट्टयमची मैत्रीण म्हणाली, त्यांच्याकडच्या जुन्या घरांतही परसातून येणाऱ्यांची वाट वेगळीच असायची.

बागेत झाडाखाली सावली धरून डबा सोडला. काकूंनी पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचा तक्कू आणि थर्मासमध्ये पन्हं दिलं होतं. बागेचा मूळचा डौल उरलेला नाही. गुलाबाचे वाफे आहेत, मोकळी मैदानं आहेत, आणि त्या मैदानांवर मालवा उत्सवासारखे मेळे भरतात. राजाच्या हिरवळीवर आता कुणीही चटई पसरतं. शेजारच्या झाडाखाली एक कुटुंब चक्क झोपलं होतं. मला हा बदल आवडला.

कोलकात्याच्या मित्राने जपूनच विचारलं, “घर विकल्याचं वाईट वाटतंय?”

तिने तक्कूचं बोट चाटलं. “पणजोबांनी पगारातून ते बांधलं. म्हणजे याच महालाच्या जेवणावर. महालाला सरकार आहे, रखवालदार आहे, तिकीट आहे. आमचं घर आठ दिवसांत पाडतील, तिथे पाच मजले होतील.” थोडं थांबून ती म्हणाली, “वाईट घराचं नाही वाटत. ते गेलं की पणजोबा इथे होते याचा इंदुरात काहीच पुरावा नाही. भुयाराच्या भिंतीवर तर कुणी नाव लिहिलं नसेल ना?”

यावर आमच्यापैकी कुणालाच काही सुचलं नाही. तिच्या मुलाला मराठी वाचता येत नाही. कन्नड आणि इंग्रजी येतं. पणजोबांची गोष्ट त्याला ती कुठल्या भाषेत सांगणार, हेही आम्ही विचारलं नाही. कोट्टयमच्या मैत्रिणीने एवढंच केलं, की पुन्हा आत जाऊन भोजनगृहातल्या माणसाला मुदपाकखान्यातल्या कारकुनाची गोष्ट मल्याळी वळणाच्या हिंदीत सगळी सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “यह तो हमें किसी ने बताया ही नहीं.” पुढच्या गटाला त्याने ती सांगितली की नाही, आम्हाला कळणार नव्हतं. पण आता ती भुयाराच्या या टोकाला एका माणसाकडे पोचली होती.

संध्याकाळी रामबागेत परतलो तेव्हा खोक्यांच्या मधोमध वर्तमानपत्रं अंथरून काकूंनी पानं मांडली होती. “काय काय पाहिलंत?” त्यांनी विचारलं.

“पणजोबांची वाट पाहिली,” मैत्रीण म्हणाली.

काकूंनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आमटीचं भांडं पुढे सरकवलं. “बरं. आता बसा बघू, गार होतंय.”